तू बघेस्तोवर

रविवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी महिला कबड्डीचा अंतिम सामना शेवाळ्यांच्या टीव्हीतून उठला आणि दुसरीकडे निघून गेला. जाताना त्याने मैदान नेलं, प्रेक्षक नेले, गुणफलक नेला, वरच्या कोपऱ्यात चालू असलेलं घड्याळही नेलं. क्षणभर टीव्हीत नुसती मोकळी जागा राहिली आणि तिच्यातून मागची भिंत, भिंतीवरचे कॅलेंडरचे दोन खिळे स्वच्छ दिसले. मग तिथे एक कुटुंब येऊन जेवायला बसलं.

"अगं, आत्ता होतं की हितं," विलासराव म्हणाले, आणि रिमोटचं झाकण काढून आत बघू लागले. सामना बॅटऱ्यांच्या खणात जाऊन बसला असेल अशी त्यांना आशा होती. विलासरावांचा स्वभावच तसा. हरवलेली वस्तू ते नेहमी आधी हातातल्या वस्तूत शोधत.

टीव्हीच्या तळाशी एक पट्टी आली. 'हा सामना आता दुसरीकडे आहे.' कुठे, ते लिहिलेलं नव्हतं.

शेवाळेबाई उठून टीव्हीजवळ गेल्या. त्यांची मुलगी सोनल त्या सामन्यात होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्षाने ती मैदानावर आली होती आणि सबंध सामना राखीव खेळाडूंत बसून होती. शेवटची चार मिनिटं उरली, संघ एका गुणाने मागे पडला, तेव्हा तिला चढाईला उठवलं. समालोचकाने तिचं नाव घेतलं. पट्टी बांधलेला डावा गुडघा दिसला, मध्यरेषेपलीकडे पडणारं पाऊल दिसलं, आणि चेहरा दिसायच्या आत सामना गेला. पोरगी सात जणींच्या अंगणात एकटी, आणि अंगणाचाच पत्ता नाही.

सकाळी तिचा फोन आला होता. "आई, आज टीव्हीवर दाखवणार आहेत. या वेळेला बघ. तू बघेस्तोवर मी माघारी यायची नाही."

दुसरं कुणी हे बोललं असतं तर बोलण्यापुरतं बोललं असं धरता आलं असतं. सोनलच्या बाबतीत तशी सोय नव्हती.

बाईंनी अठ्ठावीस वर्षं कराडच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवला होता आणि जिल्ह्याच्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या होत्या. पंच म्हणून त्या कडक. गावातल्या दोन मंडळांचा त्यांच्यावर बहिष्कार टाकून झाला होता आणि दोन्ही मंडळांनी परत येऊन बोलावणंही केलं होतं. पण नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याच्या निवड चाचणीत सोनल चढाईला गेली, तेव्हा कडेच्या रेषेवर तिची आईच उभी होती. निवड समितीची जीप मैदानाशी येऊन थांबली. बाईंची नजर जीपकडे गेली आणि परत आली, तोवर सोनल घोळक्यात सापडलेली. तिचा आवाज ऐकू येत नव्हता. टाळ्यांत बुडाला की तुटला, ते बाईंना कळलं नाही. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी हात वर केला. "दम गेला. बाद."

त्या वर्षी सोनलची निवड झाली नाही. परतताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दम गेला नव्हता. तू बघतच नव्हतीस." ते खरं होतं. बाईंनी ते अजून कबूल केलेलं नव्हतं. त्यानंतर मायलेकी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत, आणि दोघींनाही त्याची लाज वाटे.

सामन्याने सगळं नेलं होतं तरी एक गोष्ट घाईत त्याच्या हातून निसटली. सोनलचा आवाज घरातच राहिला होता. 'कबड्डी कबड्डी कबड्डी', एकसारखा, खालच्या पट्टीत, बाईंनीच शिकवला होता तसा. आधी तो टीव्हीच्या मागून आला, मग कपाटावरून, मग छताला लागला.

"वर गेलंय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

"तू हो पुढं. मी हितंच बसतो," विलासराव म्हणाले. "माघारी आलं तर घरात कुणीतरी पायजे."

"काका, ताट वाढू का?" टीव्हीतल्या कुटुंबातली सून म्हणाली. विलासराव हो म्हणाले असते, पण बाईंनी दारातून मागे वळून नुसतं बघितलं.

वरच्या मजल्यावर मुल्ला राहत. शबाना वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात कांदा आणि डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं. "या बाई, या. आत्ताच आला बघा सामना. आमची मालिका चालली होती, ती बाजूला सारून आला. तुमची सोनल हाय ना?"

आत पलंगावर शबानाची सासू बसली होती. सगळी चाळ त्यांना अम्मी म्हणे. टीव्हीत मैदान होतं, पण दुरून दाखवलेलं. चौदा-पंधरा ठिपके, त्यातला कुठला सोनलचा ते सांगता येत नव्हतं. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. ठिपके मोठे होऊ लागले, त्यांना हातपाय फुटू लागले. त्याच वेळी अम्मींचा चेहरा निळा व्हायला लागला. कडांनी गोल झाला, नाक आत गेलं, सुरकुत्या पुसल्या, आणि थोड्या वेळाने तिथे एक निळी चकती राहिली. तिच्यावर दोन डोळे आणि एक हसरी रेघ होती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"या घरातून एका वेळेला दोघांनाच बघता येतं," शबाना वहिनी कांदा चिरत म्हणाल्या. "तिसरं बसलं की एकाचं असं होतं. बसा तुम्ही. अम्मी नंतर बघतील."

"त्यांना कळतंय का काही?"

"कळतंय की. हसतायत ना."

बाईंनी चकतीकडे बघितलं. अम्मींनी सोनलला लहानपणी मुडदूस होऊ नये म्हणून चार महिने रोज तेल लावलं होतं. त्यांना बाजूला सारून त्यांच्याच पलंगावरून बघायचं, हे बाईंच्या मनाला पटेना. आपल्या मुलीचा जीव तिथे टांगणीला लागलेला, आणि तरीही पटेना, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. त्या उठल्या. अम्मींचं नाक हळूहळू परत आलं.

"बसली असतीस की गं," अम्मी म्हणाल्या. "मला कुठं काय कळतंय त्यातलं."

पण तेवढ्यात सामना तिथूनही उठला होता. टीव्ही भिंतीवरून थोडा पुढे सरकला आणि त्याच्या मागे एक दार दिसलं, पितळी कडीचं. आवाज आता दाराच्या पलीकडे होता आणि त्याचं पहिलं अक्षर झिजून गेलं होतं. 'बड्डी, बड्डी, बड्डी.'

"कालपर्यंत हे दार नव्हतं बाई," शबाना वहिनी म्हणाल्या. "पण आता हाय, तर जाऊन या."

दारापलीकडे एका मालिकेचं घर होतं. दिवाणखाना, जिना, जिन्यावर झुंबर आणि सगळीकडे न विझणारा पिवळा उजेड. भिंतीवर 'भाग पहिला' असं लिहिलेलं होतं. सोफ्याजवळ जरीची साडी नेसलेली एक बाई हातात पूजेचं ताट घेऊन उभी होती आणि रडत होती.

"मला पलीकडे जायचंय," शेवाळेबाई म्हणाल्या.

"आठ भाग आहेत," ताटवाली म्हणाली. "तुम्ही थोरल्या वन्सं ना? बसा. तुमचं काम तिसऱ्या भागात आहे."

"मी कुणाची वन्सं नाही. माझी मुलगी चढाईला गेलीये."

"इथं सगळ्यांच्याच मुली कुठे ना कुठे गेल्यात," ती म्हणाली, आणि तिने ताट जमिनीवर पाडलं. त्याबरोबर खोलीतले सगळे जागच्या जागी थिजले. पलीकडच्या दारावर आकडे उमटले. पाच, चार, तीन, दोन, एक. दार आपोआप उघडलं.

दुसरी खोली पहिलीपेक्षा लांब होती, आणि तिसरी दुसरीपेक्षा. प्रत्येक खोलीच्या सुरुवातीला शीर्षकगीत लागे. कोपऱ्यात 'वगळा' असं बटण होतं आणि ते दाबलं की गीत बंद होई. पण खोलीतली भांडणं वगळायची सोय कुठेच नव्हती, ती चालत पारच करावी लागत. तिसऱ्या खोलीत एका नोकराने बाईंच्या हातात कागद दिला. त्यावर त्यांची वाक्यं होती. 'या घरात मी जिवंत असेपर्यंत हे लग्न होणार नाही.' बाईंनी कागद घडी करून त्याला परत दिला. पण त्यांना न विचारताच तोंडून ते वाक्य निघालं, आणि नवऱ्यामुलाची आई त्यांच्या पाया पडून हुंदके देऊ लागली.

"उठा हो," बाई म्हणाल्या. "करा लग्न. माझी काही हरकत नाही."

यावर सगळे इतके चकित झाले की तो भाग तिथेच संपला.

चौथ्या खोलीत त्यांना चहा मिळाला. कप रिकामा होता, पण सगळे फुंकर घालून पीत होते. पाचव्या खोलीत एक माणूस मेला आणि सहाव्या खोलीत तो जिन्यावरून खाली आला. पार्श्वसंगीताच्या खालून सोनलचा आवाज येत होता, आता अजून बारीक. बाई पळू लागल्या. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे बोलके, पण मुलींना त्या मैदानाला फेऱ्या मारायला लावत तेव्हा स्वतः पुढे पळत, आणि ती सवय पायांना होती. सातव्या खोलीची लांबी त्यांनी मनातल्या मनात मोजली. साधारण शाळेपासून स्टँडपर्यंत भरली.

आठव्या खोलीत दार नव्हतं. घरातला वडीलधारा पुरुष भिंतीला पाठ लावून उभा होता. "गुपित पुढच्या वर्षी उघड होईल," तो म्हणाला. "तोवर सगळ्यांनी इथेच थांबायचं आहे."

"माझ्या मुलीला पुढच्या वर्षापर्यंत दम धरता येणार नाही."

"मग तिला कुणी इतक्या लांब जायला सांगितलं होतं?"

बाईंना याचं उत्तर माहीत होतं. चढाई तिला त्यांनीच शिकवली होती. "मी," त्या म्हणाल्या. त्यांनी वडीलधाऱ्याला खांद्याला धरून बाजूला केलं, आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून जोर लावला. भिंत पुठ्ठ्याची होती. पलीकडे पडली.

पलीकडे एक हॉल होता. लांबच्या टोकाला मोठा पडदा, त्याच्यासमोर सात खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या पुढून फक्कीने आखलेली पांढरी रेषा. सातही खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि पडद्याकडे बघत होती. बाईंना मात्र पडद्यावर नुसता उजेड दिसला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी स्टुलावर बसली होती.

"सामना इथेच आहे का?"

"इथेच आहे. पण तुम्हाला तो तिथून दिसणार नाही. खुर्चीत बसलं की दिसतो. सातच जागा आहेत."

"ती माझी मुलगी आहे."

"सगळ्यांचंच कुणीतरी असतं," मुलगी म्हणाली. ती उद्धटपणे बोलत नव्हती. तिने समोरच्या वहीत बघितलं. "तुम्ही पंच आहात असं इथे लिहिलंय. मग अडचण नाही. कुणाचा पाय रेषेला लागला की तो बाद. बाद झाला की जागा रिकामी. निर्णय तुमचा. इथे तुम्ही सांगाल तो निर्णय चालतो."

"पाय लागलाच पाहिजे का?"

"तुम्ही लागला म्हणालात की लागला."

बाई रेषेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, पाय जोडून, हात मागे, इतकी वर्षं उभ्या राहत तशा. चौदा पावलं त्यांच्यासमोर होती. तिसऱ्या खुर्चीतले एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते आणि त्यांच्या चपलेचं टोक रेषेपासून बोटभर आत होतं. बोटभरच. एक शब्द टाकला की काम झालं असतं. त्या माणसाला सामन्याची गरजही दिसत नव्हती.

आवाजात आता शेवटचं अक्षरच उरलं होतं. 'डी, डी, डी.' मध्ये मध्ये इतकी पोकळी पडे की आता तो संपलाच असं वाटे. त्यांना रडू आलं. ते त्यांनी येऊ दिलं, पण नजर पावलांवरून हलवली नाही. न बघता एकदा हात वर केला होता, तेवढा पुरे होता.

"तुम्ही उगीच वेळ घालवताय," ओळखपत्रवाली म्हणाली.

"लागला नाहीये त्यांचा पाय."

पाचव्या खुर्चीत चष्मा लावलेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. एक डोळा पेपरात, एक पडद्यावर. त्यांनी पान उलटलं, आळस दिला, आणि पाय लांब केला. टाच रेषेवर पडली. फक्की चपलेला लागली. बाईंनी ती लागताना बघितली.

त्यांचा हात वर गेला. "बाद!"

"बरोबर आहे," पेपरवाले गृहस्थ म्हणाले. त्यांनी पेपराची घडी घातली, काखेत मारली आणि बाजूच्या अरुंद बोळात निघून गेले.

बाई धावत जाऊन खुर्चीत बसल्या. पडद्यावरचा उजेड आकार घेऊ लागला. पण आधी जाहिरात होती. एक माणूस अतिशय आनंदाने भांडी घासत होता. जाहिरात संपायला पंधरा सेकंद होते आणि ती चुकवता येत नव्हती. बाईंनी पंधरा सेकंद मोजायला सुरुवात केली. मोजताना, कुठेही मोकळं बसल्यावर त्या करत तेच त्यांनी केलं. रेषेकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, पावलांची एकेक जोडी. पहिली ठीक, दुसरी ठीक, तिसरी ठीक, चौथी ठीक. पाचव्या खुर्चीसमोरच्या उजव्या पायाचा अंगठा रेषेवर होता. कुणाचा आहे हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत हात वर गेलेला होता.

"बाद!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. सगळ्या हॉलने ऐकलं.

मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. पडद्यावर जाहिरातीचे चार सेकंद उरले होते.

ओळखपत्रवाली स्टुलावरून उतरून जवळ आली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अहो बाई, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"मला दिसलं," शेवाळेबाई म्हणाल्या, आणि ओठ चावून उठल्या. आयुष्यात स्वतःवर इतक्या त्या कधी चिडल्या नव्हत्या. त्यांच्या पाठीमागे जाहिरात संपली, कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि त्यांना मागे वळूनही काही दिसलं नाही. नुसता उजेड.

बोळात बाद झालेल्यांसाठी एक लांब बाक होता. पहिल्या जागेवर पेपरवाले गृहस्थ बसले होते. बाई नियमाप्रमाणे त्यांच्या शेजारी, दुसऱ्या जागेवर बसल्या. बोळ इतका अरुंद होता की दोघांचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकत होते. भिंतीत डोळ्याच्या उंचीवर काडेपेटीएवढी काच बसवलेली होती.

"यातून सामना दिसतो," गृहस्थ म्हणाले. "पण एका वेळी एकालाच. डोळा लावून. आधी बाद झालेला आधी. म्हणजे माझा नंबर."

"मग बघा की हो लवकर."

"मला फक्त निकाल पाहिजे होता. तुम्हाला घाई दिसते. तुम्ही बघा."

"नंबर तुमचा आहे. तुम्ही बघून सोडल्याशिवाय मला बघता येत नाही. नियम आहे."

गृहस्थांनी सुस्कारा सोडून चष्मा कपाळावर चढवला आणि काचेला डोळा लावला. "एक मुलगी आहे," ते सावकाश म्हणाले. "गुडघ्याला पट्टी. तिच्याभोवती सात जणी साखळी करून. कुणी पुढे होत नाही. ती पण जागची हलत नाही. ही कसली कबड्डी? तोंडाने पुटपुटतेय आणि सारखी इकडे तिकडे बघतेय. कुणाला तरी शोधत असावी."

"चेहरा कसा आहे?"

"काळानिळा."

"सोडा," बाई म्हणाल्या. "आता सोडा तुमचा नंबर."

"सोडला," गृहस्थ म्हणाले आणि मागे सरकले.

बाईंनी काचेला डोळा लावला. बोळाच्या भिंतींनी दोन्हीकडून त्यांचे खांदे धरले, पण दुखेल इतके नाही. पहिल्यांदा पिवळी गादी दिसली, मग चढाईत ओलांडावीच लागते ती निदानरेषा, मग तिच्यावर पवित्रा घेऊन उभी असलेली सोनल. कानशिलाच्या शिरा तटतटलेल्या. ओठ हलत होते, पण त्यातून आवाज यायचा थांबला होता. तिने काचेच्या दिशेने मान वळवली. आणि दोघींच्या मधे जाड पांढरी अक्षरं येऊन उभी राहिली.

'तुम्ही अजून बघत आहात का?'

दाबायला खाली काहीच नव्हतं. बाईंनी अक्षरांच्या आडून बघायचा प्रयत्न केला, पण डोळा हलवायला जागा नव्हती.

"बघतेय," त्या म्हणाल्या.

अक्षरं गेली. सोनलने एक पाऊल मागे टाकलं, मध्यरेषेच्या दिशेने. अक्षरं परत आली.

"बघतेय!"

अक्षरं गेली. आणखी एक पाऊल. साखळीतल्या कोपऱ्यावरच्या मुलीने झेप घेतली, आणि पुन्हा अक्षरं. बाईंच्या लक्षात आलं. शब्द तोंडात असेस्तोवरच चित्र राहत होतं. मधे श्वास घेतला की ते झाकलं जात होतं, आणि झाकलं की सोनल होती तिथे थांबत होती. ती बोलल्याप्रमाणे वागत होती.

"पाणी देऊ का?" गृहस्थांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली नाही. त्यांनी डोळा काचेवरून न काढता एक श्वास घेतला. छातीने घेतला तर वीस सेकंदात संपतो, पोटाने घ्यायचा, खांदे वर न्यायचे नाहीत, दर वर्षी जूनमध्ये नव्या मुलींना त्या हेच पहिलं सांगत. पोट भरलं, बरगड्या भरल्या, गळ्यापर्यंत भरलं. आणि त्यांनी सुरुवात केली, खालच्या पट्टीत, एकसारखी.

"बघतेय बघतेय बघतेय बघतेय बघतेय…"

अक्षरं आली नाहीत. सोनलला आई दिसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंनी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं, पण शब्द तोडून चालणार नव्हतं. सोनल वळली. कोपऱ्यावरचीने तिचा डावा घोटा धरला. दुसरीने कमर धरली. मग सगळ्याच आल्या, सात जणी, एकावर एक, आणि ढिगाखालून सोनलचा एक हात बाहेर निघाला. तो मध्यरेषेकडे सरकू लागला. बाईंच्या प्रत्येक शब्दाला बोटभर, जास्त नाही.

"बघतेय बघतेय बघतेय…"

वीतभर राहिलं. भिंती खांद्यावरून छातीवर आल्या होत्या. काच डोळ्याला चिकटली होती आणि तिच्यावर वाफ धरू लागली होती. गृहस्थ मागून काहीतरी म्हणाले. ते त्यांना ऐकू आलं नाही. आता बाईंचंही पहिलं अक्षर झिजलं होतं, नुसतं 'घतेय, घतेय' येत होतं, आणि काच तेही मान्य करत होती.

चार बोटं राहिली. हाताची नखं गादीत रुतली होती आणि अजून सरकत होती.

बाईंनी पोटाचा अंदाज घेतला. तळाशी तीन शब्द उरले होते, फार तर. त्यांनी त्यातला एक काढला.